सही न झालेला कागद : सातारा, ऑगस्ट 1839

ऑगस्ट 1839. मुंबईचा नवा गव्हर्नर सर जेम्स कार्नाक साताऱ्यात मुक्कामाला आला. येताना त्याने एक मसुदा आणला होता. छत्रपती प्रतापसिंह महाराजांनी त्यावर सही-शिक्का केला की तीन वर्षांचं भिजत घोंगडं संपणार होतं. कलमं तशी फार जाचक नव्हती. 1819 चा तह यापुढे काटेकोर पाळायचा. धाकटे बंधू आप्पासाहेब यांची नेमणूक, म्हणजे तनखा, बिनतक्रार चालवायची. बळवंतराव चिटणीसांना कारभारातून दूर करायचं. इंग्रजांनी हमी दिलेल्या जहागीरदारांच्या वाटेला जायचं नाही. बदल्यात मागचं सगळं माफ, गादी कायम, राज्य कायम.

अडचण कलमांच्या आधीच्या मजकुरात होती. महाराजांनी तह मोडला, कंपनी सरकारशी असलेली मैत्री सोडली, ही गोष्ट त्यात गृहीत धरलेली होती. महाराजांचं म्हणणं थोडक्यात असं की, हवं ते घ्या, पण जे मी केलं नाही ते केलं असं माझ्या हाताने लिहून मागू नका. चौकशी करायची तर उघड करा.

कार्नाक थोडे दिवस थांबला, भेटी झाल्या, समजावणी झाली. सही झाली नाही. 5 सप्टेंबर उजाडायच्या आत महाराजांना राजवाड्यातून बाहेर काढलं गेलं.

माणसाच्या आयुष्यातली शोकांतिका म्हणजे नेमकं काय, हे तपासायला मला आपल्या जिल्ह्यात याहून स्वच्छ प्रकरण सापडलेलं नाही. दुःख इथे कमी नाही. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगर हादरलं. जुलै 2021 मध्ये आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे रात्रीत डोंगर घरांवर आला. पण तिथे झोपलेल्या माणसाने काहीच निवडलेलं नव्हतं. अशा दुःखाबद्दलचे प्रश्न विचारायचे ते धरणाला, डोंगराला, प्रशासनाला. गेलेल्या माणसाला नाहीत. प्रतापसिंहांना मात्र प्रश्न विचारता येतो. दार उघडं होतं, बाहेर काय आहे ते दिसत होतं, दोन्ही बाजूंची किंमत बरीचशी ठाऊक होती.

मागची हकिकत

फेब्रुवारी 1818 मध्ये आष्टीच्या लढाईत पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले आणि दुसऱ्या बाजीरावाच्या छावणीतून साताऱ्याचं राजघराणं इंग्रजांच्या हाती आलं. महाराज तेव्हा पंचविशीतले. लहानपणापासून किल्ल्यावर आणि पेशव्यांच्या नजरकैदेत गेलेला माणूस. कंपनीचा अधिकारी एल्फिन्स्टन याने त्यांना गादीवर बसवलं आणि 25 सप्टेंबर 1819 ला तह झाला. वारणेपासून नीरा-भीमेपर्यंत आणि सह्याद्रीपासून पंढरपूर-विजापूरच्या बाजूपर्यंतचा मुलूख महाराजांना आणि त्यांच्या वारसांना मिळाला. अट अशी की, परराज्यांशी आणि सरदारांशी परस्पर व्यवहार करायचा नाही. कारभार शिकवायला कॅप्टन जेम्स ग्रँट नेमला गेला. हाच पुढे मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ. 1822 मध्ये राज्य महाराजांच्या हातात आलं.

आणि ते त्यांनी चालवलं. रस्ते केले, शाळा काढल्या, शहराला पाणी आणलं, छापखाना आणला, राजवाडा बांधला. महाबळेश्वर इंग्रजांना हवं झालं तेव्हा त्याच्या मोबदल्यात वाईजवळचं खंडाळा घेऊन ते देऊनही टाकलं. पण या प्रकरणाच्या दृष्टीने त्यांची एक सवय मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. ते रोजनिशी लिहीत. कोण आलं, काय बोललं, काय ठरलं, सगळं टिपून ठेवायचं. लिहिलेल्या शब्दाला इतकी किंमत देणारा राजा त्या काळात विरळाच. हा गुणच पुढे त्यांच्या गळ्याशी आला.

1835 च्या अखेरीस कंपनीच्या लंडनमधल्या संचालक मंडळाने त्यांच्या कारभाराची तारीफ करणारं पत्र आणि एक रत्नजडित तलवार पाठवली. ती तलवार त्यांच्या हाती पडलीच नाही. मुंबई सरकारने ती अडकवून ठेवली, कारण तोवर संशयाला सुरुवात झाली होती.

भांडणाचं मूळ जहागिरींत. अक्कलकोट, भोर, औंध, फलटण, जत हे सगळे इंग्रजांच्या हमीखालचे, पण त्यांच्यावर हुकमत कोणाची? जहागीरदार निपुत्रिक गेला तर जहागीर कोणाकडे? महाराज तह उघडून दाखवत, मुंबई सरकार दुसरा अर्थ काढी. लंडनच्या संचालकांचं मत काही बाबतींत महाराजांच्या बाजूचं होतं, ते वेळेवर साताऱ्याला पोचलं नाही. उत्तराची वाट पाहून कंटाळलेल्या महाराजांनी मग मुंबईत आपले वकील धरले, मिल्न नावाच्या निवृत्त इंग्रज डॉक्टरामार्फत लंडनशी थेट बोलायची खटपट केली, पैसा ओतला. यात बेकायदा काय होतं ते सांगता येत नाही. संशय वाढवणारं मात्र भरपूर होतं.

1836 मध्ये आरोप आले. एतद्देशीय पलटणीतल्या सुभेदारांना फितवलं, गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधलं, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी पत्रव्यवहार केला. तीन इंग्रज अधिकाऱ्यांची गुप्त चौकशी बसली : रेसिडेंट, म्हणजे साताऱ्यातला कंपनीचा प्रतिनिधी, लॉडविक, मुंबईचा सचिव विलोबी आणि ओव्हान्स. गोविंदराव दिवाणांना अटक झाली. त्यांच्या आईच्या नावाने एक अर्ज पुढे आला, आणि तो खरा लिहिला कोणी यावर लंडनपर्यंत वाद गेला. साताऱ्यात बाळाजीपंत नातू इंग्रजांचा कानमंत्री होता. चौकशी महाराजांच्या विरुद्ध गेली. 1837 मध्ये लॉडविकच्या जागी ओव्हान्सच रेसिडेंट झाला, म्हणजे चौकशी करणारा आणि पुरावे गोळा करणारा एकच.

महाबळेश्वरला जाणाऱ्यांनी एक गंमत पाहावी. तिथे लॉडविक पॉइंट आहे, एल्फिन्स्टन पॉइंट आहे, कार्नाक पॉइंटही आहे. महाराजांनी दिलेल्या डोंगरावर या खटल्यातली पात्रं दरीच्या कडेला ओळीने उभी आहेत, आणि लोक त्यांच्यापुढे उभे राहून फोटो काढतात. यातल्या लॉडविकची गोष्ट वेगळी. विलायतेला परतल्यावर तो महाराजांच्या बाजूने बोलू लागला. तेव्हा त्याच्या बोलण्याने काही बदलण्यासारखं उरलेलं नव्हतं.

दोघांच्या हातातला एकच कागद

कार्नाकला खलनायक करणं सोपं आहे. आपल्याकडे ते नेहमी होतंही. पण त्याच्या बाजूने पाहिलं तर तो सूड घ्यायला आला नव्हता. त्याच्या अगोदरचा गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट 1838 मध्ये वारला, प्रकरण लोंबकळत राहिलं आणि ते या नव्या माणसाच्या गळ्यात पडलं. खुली चौकशी केली तर सरकारची अब्रू जाईल, राजाला काढलं तर गाजावाजा होईल. त्यापेक्षा माफी द्यावी, सही घ्यावी, विषय संपवावा. दोन ओळींच्या कबुलीसाठी कोणी राज्य घालवील हे त्याच्या हिशेबात बसत नव्हतं. त्याच्या लेखी प्रस्तावनेतला मजकूर म्हणजे दफ्तरी रिवाज. सरकारने माफी द्यायची तर गुन्हा कुठेतरी लिहिलेला हवा, एवढंच.

महाराजांच्या लेखी तोच मजकूर म्हणजे साक्ष. ती एकदा त्यांच्या शिक्क्याने उमटली की पुढच्या प्रत्येक वादात, प्रत्येक जहागिरीच्या भांडणात, त्यांच्याच विरुद्ध उघडली जाणार. वीस वर्षं ज्या तहाचा शब्द न् शब्द ते इंग्रजांना दाखवत आले, तो आपणच मोडला हे लिहून दिल्यावर तह हातात धरायला उरला कशाला? व्यवहाराच्या अंगाने पाहिलं तरी हा नकार वेडेपणाचा नव्हता.

महाराजांच्या विरोधकांनी या नकाराला हट्ट म्हटलं, आणि ते सगळं खोटं नाही. महाराज मानापमानाला फार जपणारे होते. 1830 मध्ये भोसले घराण्याच्या क्षत्रियत्वावरून आणि वेदोक्तावरून, म्हणजे वेदमंत्रांनी विधी करण्याच्या हक्कावरून, साताऱ्यात शास्त्र्यांचा वाद झाला, त्यात त्यांच्या बाजूने आबा पारसनीस उभे राहिले आणि समोरच्या पक्षाला सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांचं बळ होतं. त्या वादात महाराज एक पाऊल मागे आले नाहीत, आणि ती शत्रुत्वं 1836 मध्ये फळाला आली. शिवछत्रपतींच्या गादीवर बसलेल्या माणसाला आपण कंपनीचे मांडलिक आहोत हे वाक्य रोज उठून गिळावं लागत होतं. ज्याला ते गिळता येतं तो सही करतो. प्रतापसिंहांना वीस वर्षं ते अर्धंच गिळता आलं.

ॲरिस्टॉटलने शोकांतिकेच्या नायकाबद्दल लिहून ठेवलंय की तो ना पुरता संत असावा ना दुष्ट, आणि त्याच्या हातून काही चूक घडून तो पडावा. ही चौकट इथे नीट बसत नाही, कारण ‘ही त्यांची चूक’ असं बोट ठेवायला गेलं की ते नेमकं त्यांच्या गुणावर पडतं. मला जवळचा वाटतो तो उद्योगपर्वातला कर्ण. कृष्ण त्याला रथात बसवून त्याचा जन्म सांगतो, राज्य देऊ करतो, पांडव तुझे पाय धरतील म्हणतो. कर्णाला युद्धाचा शेवट दिसत असतो, तो तसं बोलूनही दाखवतो, आणि तरी नाही म्हणतो. राज्य घेतलं असतं तर ते घेणारा कर्ण उरला नसता. तिथे अज्ञान नाही, फसवणूक नाही. माणूस जसा घडलाय तसाच राहायचं ठरवतो आणि त्याचा नाश होतो.

त्या रात्रीनंतर

पलटणीने राजवाड्याला वेढा घातला, ओव्हान्स आत गेला, बरोबर आप्पासाहेब होते. महाराजांनी आपल्या माणसांना हत्यार उचलू नका असं बजावलेलं होतं, त्यामुळे झटापट झाली नाही. पालखीत बसवून त्यांना लिंबला नेलं, बारा मोटेच्या विहिरीमुळे आज पर्यटकांना ठाऊक असलेलं तेच हे गाव. डिसेंबरात बनारसचा प्रवास सुरू झाला. वाटेत त्यांच्याबरोबर निघालेले सेनापती बाळासाहेब भोसले वारले. महाराज 14 ऑक्टोबर 1847 ला बनारसमध्येच गेले.

ज्या राजवाड्यातून त्यांना काढलं, तिथे पुढे त्यांच्याच नावाची शाळा भरू लागली, आणि नोव्हेंबर 1900 मध्ये त्या शाळेत भीमराव आंबेडकर नावाचा मुलगा दाखल झाला. याचा या प्रकरणाशी कार्यकारण संबंध काही नाही. तरी साताऱ्यात बसून लिहिताना ते नोंदवल्याशिवाय राहवत नाही.

सही केली असती तर

हा प्रश्न टाळू नये, कारण त्याचं उत्तर बऱ्यापैकी देता येतं. महाराजांना मुलगा नव्हता. मुलगी होती, गोजराबाई. सही केली असती तर ते आणखी आठ-दहा वर्षं साताऱ्यात राज्य करत राहिले असते आणि दत्तकाचा प्रश्न गव्हर्नर-जनरल डलहौसीच्या पुढे गेला असता. त्याने काय केलं असतं ते आपल्याला माहीत आहे, कारण धाकट्या भावाच्या बाबतीत त्याने तेच केलं : दत्तक नामंजूर, राज्य खालसा. म्हणजे सातारचं राज्य 1839 च्या सहीने वाचणारच नव्हतं. महाराजांना हे ठाऊक असण्याचा संभव नाही; आपल्याला आहे. म्हणून राज्य गेलं ते महाराजांच्या हट्टामुळे, हे म्हणणं मला पटत नाही.

पण याच्या उलट जे म्हटलं जातं, की त्यांनी स्वाभिमानाखातर सर्वस्व दिलं, तेही मला पुरतं मान्य नाही. दिलेलं सर्वस्व एकट्याचं नव्हतं.

रंगो बापूजी

या प्रकरणातला ज्याच्यासमोर मला सगळ्यांत जास्त थांबावंसं वाटतं तो माणूस राजा नाही. रंगो बापूजी गुप्ते, कारी गावचे. महाराजांचे वकील म्हणून ते लंडनला गेले. बरोबरीची इतर मंडळी मागे फिरली, ते राहिले, थेट 1853 पर्यंत. इंग्रजी शिकले. कंपनीच्या भागधारकांच्या सभेत उभे राहून बोलले, कागद छापले, अर्जांवर अर्ज केले. जोसेफ ह्यूमसारख्या खासदाराने प्रश्न पार्लमेंटात नेला. मधल्या काळात बनारसला महाराज वारले, साताऱ्यात गादीच संपली, तरी हे तिथेच. कर्ज झालं. ज्याच्यासाठी भांडायचं तो मालक नाही, ज्याच्याबद्दल भांडायचं ते राज्य नाही, उरला फक्त आरोप, तो खोटा ठरवायचा.

महाराजांनी एक कागद नाकारला त्यामागे जी श्रद्धा होती, तीच रंगो बापूजींनी चौदा वर्षं लंडनच्या धुक्यात जगवली. लिहिलेल्या तहाला अर्थ असतो. पुरावा नीट मांडला, योग्य माणसापुढे योग्य भाषेत ठेवला, तर निकाल आपोआप बदलतो. साताऱ्यातले इंग्रज वाईट असतील, मुंबईतले असतील, पण वर कुठेतरी कोणीतरी वाचणारा बसलेला आहे. आपल्याकडे जमिनीच्या दाव्यात तालुक्याहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून मुंबईला पिशवीभर कागद घेऊन फिरणारी म्हातारी माणसं ज्यांनी पाहिलीत, त्यांना हा चेहरा ओळखीचा वाटेल. हरण्यापेक्षाही भयंकर असतं ते आपलं कोणी वाचलंच नाही हे कळणं.

परत आल्यावर त्यांनी अर्ज लिहिणं सोडलं. 1857 मध्ये साताऱ्यात उठावाची जुळवाजुळव चालू होती, तिच्या मुळाशी ते होते. बातमी फुटली, धरपकड झाली. 8 सप्टेंबर 1857 ला साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना मारलं : कोणाला फाशी, कोणाला तोफेच्या तोंडी, कोणाला गोळ्या घालून. फाशी दिलेल्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. स्वतः रंगो बापूजी निसटले. ते पुढे कुठे गेले, कधी वारले, याचा पत्ता सरकारला लागला नाही. त्यांच्या डोक्यावर इनाम लावूनही नाही.

सीतारामने 1839 मध्ये काहीच ठरवलेलं नव्हतं. बाप लंडनला गेला, मुलगा बापाविना वाढला, आणि बाप परत आल्यावर तीन-चार वर्षांत मुलाच्या गळ्यात दोर पडला. बाळासाहेब सेनापतींनी मालकाबरोबर जायचं ठरवलं असेल, निदान तेवढं तरी त्यांच्या हातात होतं. गेंडामाळावरच्या सतरांपैकी बहुतेकांची नावं आज स्मारकाबाहेर कोणाला सांगता येणार नाहीत. महाराजांच्या नकाराचा हिशेब मांडायचा तर ही माणसं त्यात धरावी लागतात. ती धरूनही मी नकाराला चूक म्हणणार नाही. खोटी कबुली देणारा राजा त्यांना वाचवू शकला असता असंही नाही. पण एक निर्णय बरोबर असू शकतो आणि तरीही त्याची फेड दुसऱ्याच घरातून होऊ शकते. ज्याने ठरवलं तो बनारसला आपल्या अंथरुणावर वारला.

आप्पासाहेब

धाकट्या भावाबद्दल साताऱ्यात आजही कोणी बरं बोलत नाही, आणि त्या रात्री तो ओव्हान्सबरोबर होता हे पाहता नवल नाही. पण त्याच्यावर कोणी नाटक लिहायला घेतलं तर ते थोरल्या भावाच्या नाटकापेक्षा अवघड जाईल असं मला वाटतं. शहाजी राजे या नावाने तो 1839 च्या नोव्हेंबरात गादीवर बसला. कंपनीने जे मागितलं ते दिलं. कृष्णेवर आणि वेण्णेवर दगडी पूल बांधले, दवाखाना काढला. त्याच्याविषयी रेसिडेंटांची तक्रार नव्हती. त्याने दत्तक घ्यायची परवानगी वारंवार मागितली. ती आली नाही. 5 एप्रिल 1848 ला, मरणाच्या दारात, त्याने व्यंकटरावांना दत्तक घेतलं. तेव्हाचा रेसिडेंट बार्टल फ्रियर दत्तकाच्या बाजूचा होता, मुंबईचा गव्हर्नर क्लार्कही राज्य खालसा करू नये या मताचा होता. डलहौसीने ऐकलं नाही. 1819 च्या तहात राज्य ‘वारसांना’ दिलेलं होतं, आणि कंपनीच्या परवानगीवाचून घेतलेला दत्तक हा तसला वारस नव्हे, असं ठरलं. थोरल्याने सही नाकारली आणि नऊ वर्षं आधी घालवलं, धाकट्याने हवं ते सगळं मान्य केलं आणि नऊ वर्षांनी घालवलं. बनारसला महाराजांच्या घराण्यात घेतलेल्या दत्तकाचा अर्जही त्याच सुमारास लंडनमध्ये पडून होता, आणि त्यासाठी खेटे घालणारे तिथे अजून रंगो बापूजीच होते.